पहिल्या सत्राचे विषय

गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२५ च्या जून महिन्यातील गोष्ट. सकाळी पोह्यांची बशी घेऊन बसलो होतो, तोच कॅलिफोर्नियातून माझ्या थोरल्या ताईच्या नातीचा फोन आला. तिकडे आदल्या दिवसाची रात्र होती. ‘मामाआजोबा, मला कॉलेजचे विषय निवडायचे आहेत आणि बाबांचं नि माझं भांडण झालंय,’ ती म्हणाली. तिचे बाबा म्हणजे माझा भाचा. सरकारी नोकरीत आयुष्यभर तंटेच मिटवले असल्याने कुटुंबातील असली प्रकरणेही माझ्याकडेच येतात.

प्रकरण समजून घेण्यास मला दोन दिवस लागले. मुलीने घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातले होते. तेथे दोन वर्षे काढायची आणि तिसऱ्या वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एखाद्या परिसरात मेकॅनिकल इंजिनिअरिंगला जायचे, असा बेत. १९६० साली त्या राज्याने उच्च शिक्षणाचा जो बृहत् आराखडा केला, त्यात ही वाट मुद्दाम आखून ठेवली आहे. रहिवाशांना फी एका युनिटमागे ४६ डॉलर. सत्राला १५ युनिटे धरली तर चार सत्रांत ६० होतात आणि तिसऱ्या वर्षात प्रवेश मिळण्याची पात्रता येते.

ऐकायला हे सोपे वाटते. परंतु बारकाईने पाहता एक गोष्ट ध्यानात आली. घेतलेला विषय विद्यापीठात जमा होणे निराळे आणि तो तुमच्या पदवीच्या अटीत बसणे निराळे. जमा झालेला प्रत्येक विषय पदवीच्या उपयोगी पडतोच असे नाही. कोणत्या कॉलेजातील कोणता विषय कोठे कशाच्या बदली धरला जातो, याची अधिकृत नोंद ‘असिस्ट’ नावाच्या संकेतस्थळावर असते. ती आधी वाचायची आणि मग विषय घ्यायचे, हा खरा क्रम.

दुसरी गोष्ट साखळीची. कॅल्क्युलसचे तीन भाग एकामागून एक करावे लागतात. त्याच्या आधारावर भौतिकशास्त्र आणि पुढचे गणित उभे राहते. पहिली कडी पहिल्या सत्रात घातली नाही, तर दोन वर्षांची तीन व्हायला वेळ लागत नाही. शिवाय अर्ज दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातच करायचा असतो. म्हणजे निवड करणाऱ्यांपुढे पुरे झालेले असे मुख्यतः पहिल्या वर्षाचेच गुण असतात. विषय झेपत नसेल तर सुरुवातीच्या काही आठवड्यांत सोडता येतो. उशिरा सोडला तर गुणपत्रिकेवर ‘डब्ल्यू’ हे अक्षर कायमचे उमटते. पहिले सत्र हे सराव म्हणून सोडून देण्यासारखे नाही, ते यासाठी.

आता भांडणाचे कारण. मुलीला गणित, इंग्रजी लेखन आणि रसायनशास्त्र यांच्या जोडीला भूगर्भशास्त्र घ्यायचे होते. केवळ आवड म्हणून. भाचा म्हणाला, ‘मामा, तुम्हीच तिला सांगा. दगडधोंडे शिकून कोणी मेकॅनिकलला जातं का?’

भूगर्भशास्त्राचे नाव ऐकताच मी गप्प झालो.

१९७७ साली मी हायर सेकंडरी झालो. वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, पाटबंधारे खात्यात होते आणि आमचे बिऱ्हाड निमाडात होते. पहिले वर्ष तेथल्या कॉलेजात काढावे आणि दुसऱ्या वर्षी इंदूरला आत्याकडे रामबागेत राहून शिकावे, असे ठरले होते. बी.एस्सी.ला रसायन आणि प्राणिशास्त्राबरोबर मी भूगर्भशास्त्र घेतले. मास्तर फार छान शिकवीत, एवढेच कारण. वर्ष संपल्यावर कागद घेऊन इंदूरला गेलो. खिडकीतल्या बाबूंनी गुणपत्रिका पाहून परत दिली. ‘ये ग्रुप हमारे यहाँ नहीं है।’ दोन मिनिटांत सारे संपले. वर्षापूर्वी एक पोस्टकार्ड टाकून विचारले असते तर हे कळले असते.

घरी येऊन मी काय सांगितले? ‘इंदूरचा खर्च फार आहे, इथेच शिकतो.’ घरच्यांनी त्याचा अर्थ आपापल्या परीने लावला. अण्णांनी पैशांसाठी मुलाला अडवले, असे आत्या पुढे अनेक वर्षे बोलत राहिली. अण्णांनी कधी खुलासा केला नाही आणि मीही केला नाही. १९९४ साली ते गेले. माझ्या निष्काळजीपणाचा दोष त्यांच्या नावावर तसाच राहिला.

हे मी प्रथमच कोणाला सांगितले ते त्या मुलीला, फोनवर. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘मग मी जिओलॉजी घेऊ नको का?’

मी म्हणालो, ‘तसं नाही गं. माझी चूक आवडीचा विषय घेतल्याची नव्हती, न विचारण्याची होती.’ पुढे धार जिल्ह्यात नोकरीला असताना बागजवळच्या चुनखडीत मी समुद्री जीवांचे अवशेष पाहिले. माळव्याचा काळा दगड एके काळी लाव्हा होता, हे ठाऊक असल्याने दौऱ्याचे रूक्ष रस्तेही मला कधी रूक्ष वाटले नाहीत. त्या विषयाने मला फसवले नाही.

तेव्हा असे ठरले: गणित ४ युनिटे, इंग्रजी ३, रसायन ५ ही आधी पक्की करायची, समुपदेशकांची भेट घेऊन ज्या तीन-चार परिसरांत जायचे त्यांच्या अटींशी एकेक विषय ताडून पाहायचा. एवढे करून १५ तील जी ३ युनिटे उरतात ती तिची. भाच्यालाही ते पटले; निदान त्याने पुढे वाद घातला नाही.

आपल्याकडेही २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर श्रेयांकांची बँक आली आहे आणि एका संस्थेतून दुसरीकडे जाण्याची भाषा आपल्या नातवंडांच्या तोंडी येऊ लागली आहे. त्यांनाही हेच सांगावेसे वाटते: जेथे जायचे तेथे आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

डिसेंबरात तिचा निकाल आला. गणितात आणि भूगर्भशास्त्रात ‘ए’, रसायनात ‘बी’. अर्ज या नोव्हेंबरात करायचा आहे. काय होईल ते तेव्हा कळेल.

त्यानंतर एके दिवशी मी ताईकडे गेलो आणि १९७८ ची ती हकिकत तिलाही सांगितली. तिने सुपारी कातरण्याचे थांबवले. ‘हे अण्णांना सांगायला हवं होतंस रे,’ एवढेच ती म्हणाली.