वलंदेजांची बामी-चकती

हॉलंडांतील शहरांत हिंडूं लागलें कीं, भिंतींत बसविलेली काचेच्या लहान खणांची मांडणी प्रवाशाच्या दृष्टीस पडतेच. प्रत्येक खणांत एकेक गरम तळलेला पदार्थ. नाणें टाकावें (हल्लीं कार्डहि चालतें), दार उघडावें आणि उभ्याउभ्याच खावें. हेग येथें अशाच एका दुकानांत 'बामीस्खैफ' आम्हीं चाखला. स्खैफ म्हणजे चकती. तींत बहुधा मांस असतें. आम्हीं गल्ल्यापाशीं विचारून मांसविरहित घेतली. वरून कटलेटाप्रमाणें पावाच्या चुऱ्याचें कुरकुरीत कवच; फोडून पाहतों तों आंत शिजलेल्या गव्हाच्या शेवया, गाजर, कांदा व नांवापुरता मसाला! चव बेताचीच.

परंतु तिची हकीकत बेताची नाहीं. 'बामी' हा शब्द चिनी हॉकियन बोलींतला. अर्थ मांस व शेवया. चिनी लोकांबरोबर हा पदार्थ जावा बेटांत गेला आणि लसूण व गोड सोयारस घालून परतल्यावर त्याचा 'बामी गोरेंग' झाला. वेंगुर्ल्यास ज्यांची वखार होती त्याच वलंदेजांचें तेथें राज्य होतें. १९४५ सालीं इंडोनेशियानें स्वातंत्र्य पुकारलें, १९४९ च्या डिसेंबरांत हॉलंडानें सत्ता सोडली, आणि त्या सुमाराच्या वीस वर्षांत जवळजवळ तीन लक्ष माणसें तिकडून हॉलंडांत आलीं. त्यांत मिश्र वंशाचीं कुटुंबें फार. पुष्कळांनीं हॉलंड पूर्वीं कधीं डोळ्यांनीं पाहिलेंहि नव्हतें.

सरकारानें त्यांतील अनेकांस कराराच्या वसतिगृहांत ठेविलें. तेथें स्वतंत्र चूल नाहीं. पानांत उकडलेले बटाटे. आणि मिळकतीचा मोठा भाग राहण्याजेवण्यापायीं कापला जाई. लवकर डच व्हा, असा एकंदर रोख. खोलींत चोरून भात शिजविणाऱ्या गृहिणींच्या आठवणी त्या समाजांत अजून सांगतात. चुलीवांचून बिऱ्हाड म्हणजे काय, हें आमच्या वाचक भगिनींस समजावून सांगावयास नको.

आणि त्याच लोकांची बामी मात्र, मसाला कमी करून व चुऱ्यांत घोळवून, डचांनीं आपल्या रस्त्यावरील खणांत मानानें बसविली! चिनी खाणावळवाल्यांनीं व जावाहून परतलेल्या सैनिकांनींहि ही चव तिकडे रुळविली, हें खरें. तरी माणसांस जी जागा मिळविण्यास इतके सायास पडले, ती चकतीस किती सहज लाभली!

हेग येथें १९५९ पासून 'पासार मालाम' ही त्या समाजाची जत्रा भरूं लागली. तिकडे जाणाऱ्या वाचकांनीं चकती अवश्य खावी; परंतु खरी बामी हवी असल्यास हेगमधील एखादी इंडोनेशियन खाणावळ गांठावी, आणि सोबत सांबाल म्हणून मिरचीचा ठेचा येतो तो मात्र जपून वाढून घ्यावा.