उजवा पाय, डावा हात

शेंद्र्यातली सेकंड शिफ्ट सुटून घरी येईस्तोवर मध्यरात्र होते. जेवण उरकलं की मी खुर्ची पुढे ओढतो आणि स्पिटफायर चालू करतो. संगणकातलं. पायाखालची पेडल्स मात्र खरी आहेत: स्क्रॅपमधल्या पट्ट्या, दोन जुनी बेअरिंग आणि मित्राच्या लेथवर काढलेल्या पिना. बायको त्याला शिलाई मशीन म्हणते.

विमान चिकलठाण्याच्या धावपट्टीवर, तोंड पूर्वेला. समोर काही दिसत नाही. शेपूट जमिनीला टेकलेलं, नाक लांबलचक, धावपट्टी त्याच्याआड गडप. म्हणून इथवरही नागमोडी यायचं, एकदा डावीकडून डोकवायचं, एकदा उजवीकडून. रेंगाळायचं तर मुळीच नाही. उभ्या उभ्या मर्लिन इंजिनाचं पाणी उकळायला लागतं. रेडिएटरची झडप उघडी, पंखा फाइन पिचवर, रडरचा ट्रिम पूर्ण उजवीकडे, फ्लॅप वर. फ्लॅपला मधली जागाच नाही, एक तर पूर्ण वर नाहीतर पूर्ण खाली.

मग थ्रॉटल, सावकाश. २७ लिटरचं बारा सिलिंडरी इंजिन एकदम उघडलं की विमान डावीकडे झेप घेतं. बसल्या जागेवरून पंखा घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो. त्याने मागे फेकलेली हवा पीळ खात शेपटावर डावीकडून आदळते, शिवाय डावं चाक जमिनीवर दाबलं जातं. उजवा पाय हवा. किती, ते पायालाच कळायला हवं. विमान वळल्याचं दिसल्यावर दाबाल तर गवतात जाल. वेग वाढला की रडर चावू लागतो, तसा पाय ढिला करत आणायचा.

आपल्या हवाई दलाच्या आठव्या स्क्वाड्रनला १९४४ मध्ये मिळालेलं मार्क ८ मर्लिनवालंच. युद्धानंतर हवाई दलात मार्क १४ आलं, त्यात ग्रिफन इंजिन, आणि त्याचा पंखा उलटा! तिथे डावा पाय. ज्यांनी दोन्ही उडवली त्यांच्या पायांची मला फार काळजी वाटते. मी महिनाभर आलटून पालटून करून पाहिलं आणि रोज रात्री एक विमान मोडलं.

शेपूट थोडंसंच उचलायचं, नाहीतर पंख्याची पाती जमिनीला लागतात. चाकं सुटली की खरा घोळ सुरू होतो. चाकं वर घ्यायचा दांडा उजव्या हाताला, आणि उजव्या हातात तर स्टिक. म्हणजे डावा हात थ्रॉटल सोडून स्टिकवर आणायचा, मग उजव्याने दांडा ओढायचा. या अदलाबदलीत विमान होडीसारखं वर-खाली होतं. थ्रॉटल सोडण्याआधी त्याचा फ्रिक्शन नट आवळलेला हवा. मी एकदा विसरलो. हात काढला आणि थ्रॉटल आपोआप मागे सरकू लागला, इंजिनाचा आवाज बसत गेला, आणि माझे दोन्ही हात भलतीकडेच. कंपनीत टेलस्टॉक लॉक न करता कट घेणाऱ्या पोराला त्याच आठवड्यात मी झापलं होतं. घरी हे सांगितलं नाही.

चाकं आत गेली तरी लगेच नाक वर करत नाही. ताशी १४० मैल होऊ देतो, मग चढ, १६०च्या आसपास. तेवढ्यात खाली शेंद्रा येतं. जालना रोड ओळखू येतो. आमच्या कंपनीच्या जागी सिम्युलेटरने बाभळी उगवल्यात.