तोच घाट, नवं पितळ

घड्याळाची मागची चकती उघडली की आत पितळ असतं. वर निकेलचा किंवा ऱ्होडियमचा मुलामा असल्यामुळे ते रुपेरी दिसतं, पण ज्या पाटीवर सगळी चाकं उभी असतात ती बहुतेक स्विस यंत्रांत पितळेचीच. तांबं, जस्त आणि कापायला सोपं जावं म्हणून किंचित शिसं. गुंड, गंज, गडवा घडवणाऱ्या हातोड्यांच्या ठोक्यांत वाढलेल्या भंडाऱ्याच्या माणसाला हे पहिल्यांदा कळतं तेव्हा परकं घड्याळ एकदम घरचं वाटू लागतं.

मला क्रोनोग्राफचं, म्हणजे बटण दाबून सेकंद मोजता येणाऱ्या घड्याळाचं, वेड आहे, आणि त्यातही जुन्या घाटाच्या नव्या क्रोनोग्राफचं. लहानपणी आमच्या आसपास तसलं घड्याळ नव्हतंच. एचएमटीची जनता नाहीतर पायलट, तीन काट्यांची साधी घड्याळं. एखाद्या खात्यापित्या घरच्या जावयाच्या मनगटावर फेवरलुबा. कंपनीचं मूळ 1737 सालच्या ल लोक्लमधलं, पण 1865 पासून मुंबईत तिचा व्यापार, त्यामुळे ते नाव आमच्याकडे इतकं रुळलं होतं की ते परदेशी आहे असं कुणाला वाटतच नसे. परदेशी घड्याळांच्या आयातीवर निर्बंध होते त्या काळात दोन बटणांचं, तीन छोट्या तबकड्यांचं घड्याळ पाहायचं ते मासिकाच्या गुळगुळीत पानावर.

त्या बटणांमागे काय चालतं ते पाहण्यासारखं आहे. दोनच्या आकड्याजवळचं बटण दाबलं की किल्ल्याच्या बुरुजांसारखे खांब असलेलं एक चाक एक घर पुढे सरकतं. खांबावर टेकलेली पट्टी दोन खांबांमधल्या फटीत पडते, एक दातेरी चाक दुसऱ्याला जाऊन भिडतं आणि सेकंदाचा लांब काटा निघतो. पुन्हा दाबलं की थांबतो. मग चारजवळचं बटण. काट्याच्या दांड्यावर बदामाच्या आकाराचा एक तुकडा बसवलेला असतो. त्यावर हातोडी आदळते आणि काटा कुठेही असो, त्या उतारावरून घसरत नेमका शून्यावर येतो. या बदामाचं पेटंट अडोल्फ निकोलने 1844 मध्ये घेतलं. आजही यांत्रिक क्रोनोग्राफ शून्यावर येतो तो त्याच युक्तीने. इतकी वर्षं जिला बदलावं लागलं नाही अशी युक्ती पाहिली की माझा ऊर भरून येतो.

याचा उपयोगही आहे. नागपूरच्या रस्त्यावर गाडी दुसरं कुणी चालवत असलं की मी एका किलोमीटरच्या दगडापाशी बटण दाबतो आणि पुढच्या दगडापाशी थांबवतो. काटा 45 सेकंदांवर थांबला तर कडेच्या पट्टीवर 80 चा आकडा असतो, म्हणजे ताशी 80 किलोमीटर. गाडीच्या काट्यावर हे दिसतंच. पण आपल्या बोटाने मोजलेला वेग निराळा.

1969 साली झेनिथने, सेकोने आणि होयर, ब्राइटलिंग, हॅमिल्टन यांच्या गटाने आपापले स्वयंचलित क्रोनोग्राफ आणले, आणि त्याच वर्षाच्या नाताळात सेकोने क्वार्ट्झचं ॲस्ट्रॉन बाजारात ठेवलं. किल्लीची घड्याळं मोडीत निघाली. ती परत आली तेव्हा जुना चेहरा घेऊन आली. ओमेगाने चांद्रवीरांच्या स्पीडमास्टरमधलं 321 हे यंत्र पुन्हा बनवत असल्याचं 2019 मध्ये जाहीर केलं. आणि आपली फेवरलुबा? टायटनने ती 2011 मध्ये घेतली, पुढे ती भारतातल्याच एथॉसकडे गेली, आणि 2024 मध्ये जिनिव्हात तिची घड्याळं नव्याने मांडली गेली. त्यात जुन्या सी स्कायच्या घाटाचा एक क्रोनोग्राफही होता. किंमत लाखांत. तरी तो फोटो मी पुन्हा पुन्हा पाहिला.

जुन्याची ही नक्कल आहे असं काही संग्राहक म्हणतात. मला ते पटत नाही. आमच्याकडे चेपलेला गुंड मोडीत घालतात, त्याचं पितळ वितळतं आणि पुन्हा गुंडच होतो. कमरेवर नीट बसतो म्हणून घाट तोच. त्या गुंडाला कुणी नकली म्हणत नाही. मोठे ठळक आकडे, सडपातळ काटे, बोटाला सहज सापडणारी बटणं, हा घाटही उपयोगातूनच ठरलेला आहे.

पण एक गोष्ट मला खरोखर खुपते. जुन्या घड्याळांवरचा ट्रिटियमचा चमकता रंग काळाने पिवळसर होई. आता नव्या तबकडीवर तोच पिवळेपणा कारखान्यातूनच लावून येतो. असं एक घड्याळ मी ओळखीच्या एका वृद्ध कारागिराला दाखवलं. चिंच लावून भांडं लख्ख करण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "नव्याले रंग लावून म्हातारं कायले केलं, बापू?" तेव्हापासून तसलं घड्याळ मी घेतलेलं नाही. पांढरा रंग असलेलंच घेतो.

दुसरी काळजी दुरुस्तीची. क्रोनोग्राफ पूर्ण खोलून, तेल देऊन पुन्हा जुळवणारं माझ्या माहितीत भंडाऱ्यात कुणी नाही. माझी घड्याळं नागपूरला किंवा मुंबईला जातात. त्यात अनेक कंपन्या सुटे भाग बाहेरच्या कारागिराला देत नाहीत. जुना घाट परत आणायचा तर घड्याळजीच्या टेबलावर भाग मिळण्याची जुनी सोयही आणायला हवी. इथली तरुण पोरं पितळ हाताळायला आजोबांकडून शिकली आहेत. त्यांतल्या एक-दोघांनी घड्याळकाम शिकावं म्हणून मी त्यांच्या मागे लागलो आहे. माझी जुनी बंद पडलेली यंत्रं सरावाला द्यायची तयारी आहे.