आमदाराची मुदत आणि आपला हिशोब

आमदाराला किती वर्षांसाठी निवडून द्यावे, हा प्रश्न वस्तीतल्या माणसाला सहसा पडत नाही. नळाला पाणी किती वाजता येईल, रेशनवर तांदूळ किती मिळेल, मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज कोठे अडला, हेच प्रश्न त्याच्या उशाशी असतात. परंतु ज्याला याचा जाब विचारायचा, त्याला आपण किती काळासाठी मत दिले आहे हे ठाऊक नसेल, तर जाब विचारणार तरी केव्हा?

राज्यघटनेच्या १७२ व्या कलमाने विधानसभेची मुदत पाच वर्षे ठरविली. सभागृह आधीच विसर्जित झाले, तर नव्याने निवडून आलेल्या सभागृहाला पुन्हा पूर्ण पाच वर्षे, अशी ही व्यवस्था. ती बदलू पाहणारे १२९ व्या घटनादुरुस्तीचे विधेयक १७ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत आले. ते मांडण्याच्या बाजूने २६९ आणि विरुद्ध १९८ मते पडली आणि ते संयुक्त संसदीय समितीकडे गेले. लोक त्याला ‘एक देश, एक निवडणूक’ म्हणतात. नाव निवडणुकीचे असले तरी घाव मुदतीवर आहे.

विहारातल्या एका बैठकीत हा विषय निघाला, तेव्हा धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या एका मावशींनी विचारले, ‘‘दादा, आमदाराची मुदत कमी झाली तर त्याचं जाईल. आपलं काय जातं?’’ प्रश्न सरळ होता. त्याचे उत्तर द्यायला आम्हांला बराच वेळ लागला. तेच येथे मांडतो.

विधेयकानुसार एका लोकसभा निवडणुकीनंतर राष्ट्रपती एक तारीख जाहीर करतील. त्या तारखेनंतर निवडल्या गेलेल्या सर्व विधानसभांची मुदत त्या लोकसभेच्या पूर्ण मुदतीबरोबर संपेल. समजा, ही तारीख २०२९ मध्ये ठरली आणि बाकी निवडणुका वेळच्या वेळी झाल्या. मग उत्तर प्रदेशात २०३२ मध्ये निवडलेली विधानसभा दोनच वर्षे चालेल आणि कर्नाटकात २०३३ मध्ये निवडलेली जेमतेम एक वर्ष. आपली विधानसभा नोव्हेंबर २०२४ मध्ये निवडली गेल्यामुळे आपला तोटा काही महिन्यांचाच दिसतो. पण पुढे कधी सभागृह मध्येच विसर्जित झाले, तर आपणही उरलेल्या दिवसांपुरतेच आमदार निवडणार आहोत.

या बदलाच्या बाजूने जे सांगतात, तेही ऐकले पाहिजे. वरचेवर निवडणुका म्हणजे खर्च, आचारसंहितेमुळे थांबलेली कामे आणि ड्युटीवर गेलेले शिक्षक व कारकून. आम्ही स्वतः कचेरीतले कारकून. शाळेच्या बाकावर रात्र काढून पहाटे मतदान केंद्र उघडण्याची ड्युटी आम्ही केलेली आहे. तो त्रास खोटा नाही. पण सरकार मध्येच पडले, तर उरलेल्या मुदतीसाठी एक निवडणूक आणि मुदत संपताच दुसरी. मग खर्च कोठे वाचला?

आम्ही बी.कॉम. झालो, तेव्हा रोजकीर्द आणि ताळेबंद या दोन गोष्टी डोक्यात पक्क्या बसल्या. रोजचा व्यवहार रोजकीर्दीत आणि ठराविक मुदतीचा हिशोब ताळेबंदात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे मसुदा मांडताना सरकारच्या बाबतीत असाच भेद सांगितला होता. सरकारची एक तपासणी सभागृहात रोज होते, प्रश्नांनी, ठरावांनी आणि अविश्वास प्रस्तावाने. दुसरी तपासणी पाच वर्षांनी किंवा त्याआधी मतदार करतो. स्थैर्य आणि जबाबदारी यांपैकी मसुद्याने जबाबदारीला अधिक मान दिला, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. आता मतदाराच्या तपासणीची तारीख दिल्लीच्या कॅलेंडरला बांधायची, तर त्या विचारालाच हात लागतो.

मुदत वाढविण्याचाही अनुभव आपल्याला आहे. आणीबाणीत, १९७६ साली, ४२ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेची व विधानसभांची मुदत सहा वर्षे केली. महाराष्ट्रात मार्च १९७२ मध्ये निवडलेली विधानसभा १९७८ च्या आरंभापर्यंत चालली. मार्च १९७७ मध्ये लोकांनी लोकसभेसाठी मत दिले, पण राज्याच्या कारभाराचा जाब मतपेटीतून विचारायला फेब्रुवारी १९७८ उजाडावा लागला. पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने पुन्हा पाच वर्षे आली. मुदत वाढली तेव्हा मतदाराला थांबावे लागले. आता तीच कमी झाली तर काय?

याचे उत्तर फायलीत आहे. वस्तीत गटार किंवा समाजमंदिर हवे, तर आधी अर्ज, मग अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा आणि शेवटी कार्यारंभ आदेश. ही फाईल टेबलाटेबलावरून कशी सरकते, हे आम्ही वीस वर्षे पाहत आलो आहोत. वर्षभरासाठी आलेला आमदार पत्र देईल आणि घरी जाईल. पुढचा म्हणेल, हे माझ्या काळातले नाही. ज्याच्याकडे पैसा आणि ओळख आहे, त्याची फाईल तरीही सरकेल. ज्याच्याकडे फक्त मत आहे, त्याची फाईल तेथेच पडेल. मावशी, आपले जाते ते हे.

आणखी एक गोष्ट. आम्ही पहिले मत १९९९ साली दिले. तेव्हा महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा यांचे मतदान बरोबरच झाले. दोन मते देताना मोठा आनंद वाटला. पण त्या प्रचारात आमच्या भागातल्या सभांमधून दिल्लीचाच विषय गाजत होता. आमच्या नळाबद्दल कोणी बोलल्याचे आठवत नाही. दोन हिशोब एका पानावर आले की लहान हिशोब मोठ्याखाली झाकला जातो.

म्हणून वाचकांना एवढेच सांगणे आहे. घटनेत बदल होऊ नये असे कोणी म्हणत नाही. आजवर शंभरावर दुरुस्त्या झाल्या आहेत. मात्र प्रत्येक दुरुस्तीला एक प्रश्न विचारावा : हिने मतदाराचा हात मोठा होतो की लहान? घरात शिकलेली मुलेमुली आहेत, त्यांच्याकडून १७२ वे कलम वाचून घ्या. एक दहा रुपयांची वही करा. आमदार निवडून आल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख आणि मधल्या काळात दिलेली आश्वासने त्यात लिहा. मत मागायला कोणीही आला, की ती वही आधी त्याच्यापुढे ठेवा.