फायबरचे गजराज

अंगावर टिचकी मारली की पोकळ आवाज येतो. चौकातले हे गजराज आतून रिकामे. काचतंतू आणि रेझिनची काही मिलिमीटरची साल, आत लोखंडी सांगाडा, आणि पायांतून चौथऱ्यात उतरलेले बोल्ट. येतात ते टेम्पोतून, आडवे, दोरखंडाने बांधून. सोंड मागच्या फळीबाहेर काढून सिग्नलला उभे राहतात, तेव्हा मागचा स्कूटरवाला थोडे अंतर ठेवतो.

पुण्यात ही जमात आता नवी नाही. पेशवे पार्कातले खरे प्राणी कात्रजला गेले, आणि बागांत, सोसायट्यांच्या कमानींपाशी फायबरची हरणे नि जिराफ आले. तोंड वासून कचरा मागणारा पेंग्विन ही त्या घराण्याची गरीब शाखा. घराणे मात्र मानाचे. तुळशीबाग गणपतीची मूर्ती शिल्पकार डी. एस. खटावकर यांनी १९७५ साली फायबरचीच घडवली. पण ती उत्सवात मांडवाखाली बसते. मुंबईत २०१८ साली ‘एलिफंट परेड’चे १०१ रंगीत हत्ती मांडले होते, रानातल्या हत्तींच्या वाटा राखण्यासाठी, त्यांतले अनेक पुढे लिलावात विकले गेले आणि कुणाकुणाच्या घरी पोचले. चौकातल्या गजराजांना ना मांडव, ना घर.

शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात वि. पां. करमरकरांनी घडवलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. १९२८ पासून तो घोडा उन्हापावसात उभा आहे, आणि ब्राँझ असल्यामुळे वयाबरोबर भारदस्तच होत गेलाय. गजराजांना म्हातारपण शोभत नाही. त्यांची सगळी पत रंगावर.

म्हणून त्यांचे नखरे. आधी न्हाण लागते, कारण साच्यातून सुटताना अंगाला मेण चिकटलेले असते आणि मेणावर कुठलाही रंग धरत नाही. मग लांबी, वॉटर पेपर, प्रायमर. मग चित्रकार येतो. पाठीवर पैठणीचे मोर, पोटावर शनिवारवाडा, पायांवर वारली माणसे. पायाशी सही होते, फोटो निघतात. खरे तर गजराजांचे आयुष्य किती, हे अजून ठरायचेच असते. ते ठरवणारा माणूस फोटोत नसतो. तो गाड्या रंगवणारा, गॅरेजमधला. त्याच्या डब्यात रंग नाहीच, नुसते पारदर्शक पॉलियुरेथेन. त्याला सगळे ‘क्लिअर’ म्हणतात.

क्लिअरमध्ये हार्डनर पडला की घाई सुरू होते. काही तासांत उरलेला माल डब्यातच दगड. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि ते फुप्फुसाला वाईट. त्यासाठी योग्य फिल्टरचा मास्क हवा. नाकाला रुमाल बांधून भागवणारे मी पाहिले आहेत, आणि त्या काटकसरीचे मला कौतुक नाही. पहिला हात हलका, भुरभुर पावसासारखा. तो चिकटसर झाला की पुढचे भरून. मोटारीचे दार सपाट असते. गजराजांचे पोट गोल. तिथे हात रेंगाळला की ओघळ येतो. उलट कानामागच्या घडीत स्प्रे गन पोचतच नाही, आणि वर्षा-दोन वर्षांनी पहिला पापुद्रा नेमका तिथूनच सुटतो.

खालचे चित्र नीट वाळलेले नसेल तर ओल आत कोंडते आणि फोड येतात. हवा दमट असली तर क्लिअर दुधाळ होते. पुण्यात या कामाला हिवाळा उत्तम. मार्चनंतर धूळ ओल्या अंगावर बसते, जूनमध्ये पाऊस. पण तारीख हवा पाहून ठरत नाही, पाहुणे पाहून ठरते. मग १५ ऑगस्टच्या समारंभासाठी कुठल्या तरी शेडमध्ये हॅलोजनच्या उजेडात, पावसाची उघडीप बघत, गजराज रात्रीतून चमकवले जातात.

चमकवण्यावरूनही भांडण असते. चित्रकाराला मॅट हवे, कारण चकाकीत त्याचे मोर दिसत नाहीत. सांभाळणाऱ्याला ग्लॉस हवा, पाइप मारला की धूळ निघते. मी सांभाळणाऱ्याच्या बाजूचा.

चमक दिसते, पण क्लिअरचे खरे काम उन्हाशी. त्यात अतिनील किरण शोषणारे द्रव्य मिसळलेले असेल, तर ते मार स्वतः खाते आणि खाता खाता संपते. स्वस्तातल्या क्लिअरमध्ये ते नसतेच. मग आधी स्वस्त लाल-पिवळे उडतात, निळा टिकतो. काही उन्हाळ्यांनी पैठणीचे काठ फिके पडतात आणि मोर तेवढे उरतात. तरी बरे, क्लिअर शाबूत असेपर्यंत धुळवडीचा रंग, सोंडेवर घसरणारी पोरे, किल्लीने कोरलेली बदामातली नावे, सगळे त्याच्याच अंगावर निभते. वेळेत वरवर घासून नवा हात दिला तर खालच्या चित्राला धक्का लागत नाही. मात्र अनावरणाला मांडव, हार, चहा-वडा असा खर्च असतो. या नव्या हाताचा रकाना अंदाजपत्रकात बहुधा नसतो. क्लिअर तडकले की पाणी आत शिरते, आणि पापुद्रा निघताना चित्रही घेऊन जातो. त्यावर पुन्हा क्लिअर मारणे व्यर्थ; सगळे खरवडून चित्रकाराला परत बोलवावे लागते.

तेव्हा एखादे गजराज भेटले तर मोर नंतर पाहा. आधी पाठीवरून, जिथे ऊन सगळ्यात जास्त पडते तिथून, बोट फिरवा. धूळ पुसूनही पांढरी भुकटी बोटाला लागत असेल, तर गॅरेजवाल्याला बोलवायची वेळ आली, आणि पुढचा पावसाळा यायच्या आत.