गोळीची वेळ आणि मंगळावरचं यान

मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या बाईने संगणकावर काय लिहावं, असं तुम्ही म्हणाल. पण माझा नातू त्याच क्षेत्रात आहे. त्याने सांगितलेली एक गोष्ट थेट आमच्या घराला लागू पडली, म्हणून लिहिते.

काही यंत्रांत 'रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम' असते. तिथे उत्तर नुसतं बरोबर असून भागत नाही, ते वेळेत यावं लागतं. शेवटची घंटा झाल्यावर दिलेल्या पेपरासारखंच. आत सगळं बरोबर असलं तरी काय उपयोग? म्हणून तिथे प्रत्येक कामाचा मान ठरलेला असतो. मोठ्या मानाचं काम आलं की लहानाने थांबायचं.

४ जुलै १९९७ ला नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं. फोटो येऊ लागले, सगळे खूश. आणि काही दिवसांतच त्याचा संगणक मधूनच आपोआप नव्याने सुरू व्हायला लागला. दर वेळी त्या दिवसाची उरलेली कामं दुसऱ्या दिवसावर जात. गंमत म्हणजे यान उतरण्याआधी चाचण्यांतही हा प्रकार दिसला होता, पण पुन्हा घडवून बघावा तर घडेना.

शास्त्रज्ञांनी यानासारखाच संगणक प्रयोगशाळेत तासन्‌तास चालवला, प्रत्येक हालचालीची नोंद ठेवली, तेव्हा उलगडा झाला. यानातल्या माहितीची ने-आण करणारं काम फार मोठ्या मानाचं. हवामानाच्या नोंदींचं काम लहान मानाचं. पण दोघांना एकच किल्ली लागे. कधीतरी किल्ली हवामानवाल्याच्या हातात असतानाच संदेश पाठवण्यासारखी मधल्या मानाची कामं येत आणि त्याला बाजूला सारत. तो अडला की किल्ली अडकली, आणि किल्ली अडकली की सगळ्यात महत्त्वाचं काम ताटकळत उभं. ते वेळेत झालं नाही हे देखरेख करणाऱ्या कामाला कळलं की ते संगणकच नव्याने सुरू करी.

यात कुणाचीच लबाडी नव्हती. प्रत्येकजण नियमानेच वागत होता!

उपायही किती साधा. ज्याच्या हातात किल्ली आहे, त्याला तेवढ्यापुरता वाट पाहणाऱ्याचा मान द्यायचा. किल्ली परत केली की तो पुन्हा आपल्या पायरीवर. ही सोय त्या सिस्टिममध्ये आधीपासून होती, फक्त चालू केलेली नव्हती. पृथ्वीवरून बदल पाठवला आणि दुखणं थांबलं.

आता घरचं. ह्यांना पार्किन्सन्स आहे. गोळी ठरल्या वेळेला पोटात जावी लागते. उशीर झाला की हातपाय आखडतात, खुर्चीतून उठणंही होत नाही. गोळ्यांचं सगळं सूनबाई बघते. घरात मानाने ती सगळ्यात धाकटी. माणसं ह्यांना भेटायला येतात, मायेनेच येतात. पण पाहुणा आला की कोण उठतं? तीच. "अगं, जरा चहा टाक", "पाणी आण गं", "पोह्यात साखर घालतेस ना?" गोळी तिच्या हातातच राहते, आणि ज्यांच्यासाठी सगळे आलेले असतात ते खुर्चीत ताठ होऊन बसलेले असतात.

म्हणून आमच्याकडे नवा नियम केलाय. सूनबाईच्या हातात गोळ्यांची डबी असेल तेव्हा घरात सगळ्यात मोठी तीच. तेवढा वेळ तिला कुणी हाक मारायची नाही, मीसुद्धा नाही.

तेव्हा मंडळी, भेटायला जरूर या. चहाची पावडर ओट्यावरच्या निळ्या झाकणाच्या डब्यात आहे, साखर शेजारी. करून घ्या, आणि मलाही अर्धा कप द्या.