राखेखालचा निखारा

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा उजाडला की माझ्या दवाखान्यात दोन प्रकारचे रुग्ण वाढतात. पहिले खोकल्याचे. दुसरे, हाताला ओला रुमाल गुंडाळून, जरा ओशाळलेल्या चेहऱ्याने येणारे. त्यांना काय झाले हे विचारावे लागत नाही; करपलेल्या केसांचा वास त्यांच्या आधी आत येतो. गच्चीवर, शेतावर किंवा सोसायटीच्या आवारात रात्रीच्या जेवणासाठी शेगडी पेटवताना हे घडलेले असते. वाचकहो, या मंडळींना मी कधी रागावत नाही. का रागावत नाही, हे सांगण्यासाठीच आज लिहायला बसलो आहे.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. ताई आणि मेहुणे मुलांसह आमच्याकडे राहायला आले होते. थंडी छान पडली होती. लोखंडी पिंप उभे कापून केलेली शेगडी शेजाऱ्यांकडून आणली. कणसे, रताळी, पनीर, मसाला लावून मुरवलेली कोंबडी, असा बेत होता. रात्री आठच्या सुमारास मी कोळशाखाली वर्तमानपत्राचे बोळे आणि करवंट्या सारून शेगडी पेटवली. ज्वाळा उठल्या, धूर झाला, आणि काही वेळाने दोन्ही बसले. ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात कोळसे करडे आणि निर्जीव दिसत होते. मुले भुकेजली होती. ‘झालं का?’ ही विचारणा चौथ्यांदा झाली होती. शेगडी विझली, असे मी ठरवून टाकले. खाली दवाखान्यात गेलो आणि स्पिरिटची बाटली घेऊन वर आलो.

माझा चौदा वर्षांचा भाचा, मला नीट दिसावे म्हणून, मोबाइलचा उजेड धरून अगदी जवळ उभा होता. मी बाटली कलती केली. मोठा स्फोट वगैरे काही झाला नाही. ‘भप्’ असा एक दबका आवाज झाला. ज्वाळा स्पिरिटच्या धारेवरून उलटी चढत आली. मी बाटली फेकली. पण तोवर भाच्याचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला होता आणि एक भुवई करपली होती.

पुढची काही क्षणे मी, डॉक्टर, नुसता उभा होतो. सावध राहिली ती माझी पत्नी. तिने त्याला ओढत गच्चीवरच्या नळाखाली नेले आणि हातावर पाणी सोडले. ताई टूथपेस्ट आणायला धावली, तेव्हा मला कंठ फुटला. ‘काही लावू नकोस,’ एवढेच म्हणालो. घड्याळ लावून वीस मिनिटे हात पाण्याखाली धरला. त्याच रात्री प्लास्टिक सर्जन असलेल्या मित्राला दाखवून आणले.

सारे झोपल्यावर मी आवराआवर करायला गच्चीवर गेलो. पायांखाली काही येऊ नये म्हणून आधी दिवा लावणार होतो, पण हात बटणावरच थांबला. अंधारात ती शेगडी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लालबुंद फुललेली होती. ती विझलेली नव्हती. मी बाटली आणायला गेलो तेव्हाही ती विझलेली नव्हती. ज्वाळा जाऊन निखारा उरणे, त्यावर राखेचा पातळ थर धरणे, ही तर भाजण्यासाठी शेगडी तयार होत असल्याची खूण. पांढऱ्या उजेडात ती लाली मला दिसली नाही, इतकेच.

आता यामागचे शास्त्र थोडक्यात पाहू. स्पिरिट, पेट्रोल किंवा करोनानंतर घरोघरी आलेले सॅनिटायझर तापलेल्या निखाऱ्यावर पडताच त्याची वाफ होते. ही वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती पेट घेते आणि ज्वाळा धारेच्या मार्गाने बाटलीच्या तोंडाशी पोहोचते. अर्ध्या रिकाम्या बाटलीत वाफ आणि हवा यांचे मिश्रण असते. ते पेटले की आतला द्रव पेटत्या पिचकारीसारखा बाहेर फेकला जातो. म्हणून ओतणाऱ्यापेक्षा समोर उभा असलेला माणूस पुष्कळदा अधिक भाजतो. रॉकेलही निखाऱ्यावर ओतण्याची वस्तू नव्हे.

मग शेगडी पेटवावी कशी? माझी आजी पेटवायची तशी: करवंटीचे तुकडे, गोवरीचा कुटका, वर लाकडी कोळसा, हातात फुंकणी आणि अंगी सबुरी. हल्ली बुडाशी भोके असलेला लोखंडी डबा मिळतो. त्यात कोळसा भरून खाली कागद पेटवला की वीस-पंचवीस मिनिटांत कोळसा धरतो. कोळसा आदल्या दिवशी उन्हात वाळवावा. दगडी कोळसा खाण्याच्या पदार्थांसाठी वापरू नये. शक्य तर दिवस मावळण्यापूर्वीच शेगडी पेटवावी. अंगात सुती, अंगासरशी कपडे असावेत. ओढणी आणि पदर खोचलेले असावेत. पाण्याची भरलेली बादली शेजारी हवी आणि मुले शेगडीपासून चार हात दूर. आणि शेगडी विझली असे वाटले, तर आधी दिवा मालवून पाहावे. खरेच विझली असेल, तर पूर्ण थंड होऊ देऊन कागद-करवंट्यांनी पुन्हा पहिल्यापासून पेटवावी.

इतके करूनही भाजलेच, तर तो भाग नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. बर्फ नको. अंगठी, बांगड्या, घड्याळ सूज येण्यापूर्वी काढावे. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप यांपैकी काहीही लावू नये. फोड फोडू नयेत. स्वच्छ सुती कापडाने सैल झाकून डॉक्टरांकडे जावे. चेहरा, हात, पाय किंवा सांधा भाजला असेल, जखम रुग्णाच्या तळहाताहून मोठी असेल, किंवा आवाज घोगरा झाला असेल, तर घरी थांबू नये. 108 वर फोन करावा.

आणखी एक गोष्ट. गारठा वाढला की शेगडी उचलून खोलीत किंवा बंद गॅलरीत आणण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. धूर थांबलेला निखारा निरुपद्रवी वाटतो, पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडत असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट बांधला जातो. डोके दुखते, मळमळते, झोप येते, आणि त्या झोपेतून माणूस उठतोच असे नाही. राखही रात्रीतून थंड होत नाही. ती पाणी ओतून, ढवळून विझवावी. नाहीतर सकाळी गच्चीवर खेळणाऱ्या मुलाचा अनवाणी पाय त्यावर पडतो.

भाच्याच्या हातावर दुसऱ्या दिवशी मोठाले फोड आले. जखम भरायला तीन आठवडे लागले. त्याचे ड्रेसिंग मीच करीत होतो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी, पट्टी सोडवत असताना त्याने विचारले, “मामा, तुला हे माहीत नव्हतं का रे?”

त्या प्रश्नात राग नव्हता. म्हणूनच उत्तर देणे अवघड गेले. “माहीत होतं,” मी म्हणालो. “पण भूक लागली होती, सगळे थांबले होते, आणि मला घाई झाली होती.”

वाचकहो, माझ्याकडे येणाऱ्या त्या ओशाळलेल्या मंडळींपैकी बहुतेकांनाही माहीत असते. घाईत ते आठवत नाही, एवढेच. त्यांना रागावण्याचा अधिकार मी त्या रात्री गमावला.

भाचा आता नोकरीला लागला आहे. मनगटावर फिकट डाग अजून आहे. गेल्या वर्षी तो आला, तेव्हा त्याच गच्चीवर शेगडी त्यानेच मांडली. ज्वाळा बसल्या, कोळसे करडे झाले. लहानांपैकी कोणीतरी म्हणाले, “विझली वाटतं.”

भाच्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “मामा, जरा दिवा घालव.”

मी बटण दाबले. आम्ही सगळे काही वेळ अंधारात त्या लाल शेगडीकडे पाहत उभे राहिलो. मग कणसे लावली.